तिसरं पान

माझ्या लेकीला ते नवव्या वर्षी कळलं, मला पंचेचाळिसाव्या आणि माझ्या बाबांना एकोणऐंशीव्या. ‘झालं’ म्हणायचं नाही, ‘कळलं’ म्हणायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं आहे. हे काही गोवर नव्हे, की काल नव्हता आणि आज अंगावर उठला. जन्मापासूनच असतं. आमच्या घराण्यात तर जन्माच्याही आधीपासून असणार, असा माझा दाट संशय आहे. आमचे जे कोणी मूळपुरुष कोकणातून चालत काशीला आले, दूधविनायकाच्या गल्लीत शिरले आणि ‘आता इथून हलायचं नाही’ असं ठरवून खरोखरच हलले नाहीत, त्यांच्यापासून.

नाव अ‍ॅस्पर्गर. हे नाव आता जुनं झालं, हल्ली ते ऑटिझममध्येच धरतात, असंही बाईंनी सांगितलं. पण नवं आलं म्हणून जुनं टाकून द्यायची आमच्या घरी पद्धत नाही. शिवाय तोवर माझ्या आईने त्याचं बारसं उरकलं होतं. लेकीची तपासणी झाली त्या दिवशी मी रामनगरहून, म्हणजे माझ्या सासरहून, आईला फोन केला. तिच्या मागे कुणाच्या तरी भोंग्यावर भजन चाललं होतं, आणि तिला ऐकू आलं ‘आसपासघर’.

“आसपासघर? अगं, म्हणजे शेजारीपाजारी पण कोणाला आहे का? पता करू?”

“आई, आसपास नाही गं…”

“आसपास नाही, म्हणजे घरीच आहे,” आई म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती. पण इतकं नेमकं निदान पुढे कुठल्याही डॉक्टराने केलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे त्याला आसपासघरच म्हणतात.

आधी मी कशी आहे ते सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. मी एका छापखान्यात पंचांगाची प्रुफं तपासते. तिथी, नक्षत्रं, घटका, पळं, रकान्यांवर रकाने. ते पाहून लोकांना घेरी येते, मला भूक लागते. चुकलेला आकडा मला पानावर लांबूनच दिसतो, भातातल्या खड्यासारखा. माणसांचं मात्र उलटं. माणसं बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरंच, हे मला पंचेचाळीस वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, मला माहीत आहे.

आता ‘येतो’ हाच शब्द घ्या. मराठीत निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ. निघणारा ‘येतो हं’ म्हणतो, घरचे ‘या’ म्हणतात, आणि माणूस चालायला लागतो. मी पाच वर्षांची असताना दुर्गाघाटावरच्या एक मावशी “येते हं बाळ” म्हणून गेल्या, आणि मी उंबऱ्यावर बसून राहिले. येते म्हणाल्या होत्या ना! दुपार झाली, उन्हं उतरली, शेवटी आईने मला उचलून आत नेलं, तेव्हा मी असा काही टाहो फोडला की समोरच्या चाचींना वाटलं, पोरीला विंचू चावला. त्या मावशी सहा महिन्यांनी आल्या. मी त्यांना दारातच विचारलं, “इतका वेळ?”

बाबांना ही अडचण कधी आली नाही, कारण ते ‘येतो’ म्हणतच नाहीत. बाबा वैदिक. उभा जन्म त्यांचा वेद म्हणण्यात आणि शिकवण्यात गेला. शब्द म्हणजे शब्द. त्यातला एक स्वर हलला तरी अनर्थ, अशी त्यांची शिकवण. म्हणून ते स्वतः निघताना ‘जातो’ म्हणतात, आणि पाहुणे निघाले की त्यांना ‘जा’ म्हणतात. वडीलधाऱ्यांना ‘जावे’. ब्रह्माघाटापासून दुर्गाघाटापर्यंत त्यांची ही ख्याती आहे. गुरुजी विद्वान, पण जिभेला हाड नाही, असं लोक म्हणायचे. आई बिचारी मागून धावत जाऊन पाहुण्यांच्या पाठीवर ‘या हं, या हं’ पेरत सुटायची.

इथवर सगळी गंमतच होती. मग माझं लग्न झालं.

वीस वर्षं झाली त्याला. नवरा रामनगरच्या एका शाळेत शिक्षक. रामनगर म्हणजे नदीपलीकडे, पूल ओलांडला की आलं. तरी सगळ्यांनी रीतसर रडून घेतलं. मी बाबांच्या पाया पडले आणि म्हणाले, “येते.” हा एक शब्द आईने माझ्याकडून आठवडाभर घोकून घेतला होता, ऐन वेळी ‘जाते’ म्हणेन म्हणून. मी न चुकता म्हटला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा विचार केला आणि म्हणाले, “जा.”

बायकांत ‘अगंबाई!’ झालं. आत्या सावरून घ्यायला पुढे आली, “जाऊन ये म्हणायचंय गं त्याला.”

“नाही,” बाबा म्हणाले. “जा म्हटलं.”

दुसरी एखादी हसून विसरली असती. मी नाही विसरले. मला ‘जा’ सांगितलं, मी गेले. ‘ये’ कोणी म्हटलं नव्हतं. म्हणून त्यानंतर वीस वर्षांत मी माहेरी एकदाही न बोलावता गेले नाही. आईने फोन करून वार आणि वेळ सांगायची, मी त्या वारी त्या वेळेला पोचायचं, जेवायचं, निघायचं. निघताना दर वेळी बाबांच्या तोंडाकडे बघायचं. “जा.” छापखाना आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांवर, रोज संध्याकाळी सुटल्यावर पाय तिकडे वळायचे. आईच्या हातचा वरणभात दहा मिनिटांवर! पण बोलावलं कुठे होतं? आईला वाटायचं, लेक मानी. सासरी वाटायचं, सून छान रमली. आणि मला वाटायचं, बाबांना मी नको आहे. हे लिहिताना मला हसू आवरत नाही. तेव्हा मात्र फार दुखायचं.

मग लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली.

ती कळायला घन म्हणजे काय ते सांगावं लागेल, कारण बाबा घनपाठी आहेत. वेद पाठ करायच्या रीती बऱ्याच, त्यातली घन ही महाकठीण. दोन शब्द सरळ म्हणायचे, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणून तिसरा जोडायचा, मग तिसऱ्यापासून उलट, मग पुन्हा सरळ. पहिला दुसरा, दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा, तिसरा दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. आमच्याकडे मुलींना हे शिकवत नसत, पण कानाला कुठे दार असतं? मी भिंतीपलीकडून ऐकून ती चाल उचलली आणि जीव घाबरा झाला की मनातल्या मनात कशाचाही घन करत राहिले, लसणीचा, बटाट्यांचा, पुलावरच्या दिव्यांचा. लेकीला झोपवतानाही तेच म्हणायचे. तिने ते उचललं. फक्त मनात ठेवलं नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलगी डबा उघडते आणि तेच ते शब्द मोठ्याने उलटसुलट म्हणते, बाकीची मुलं हसतात, तज्ज्ञाला दाखवा. मी तिला विचारलं, काय म्हणतेस गं? तिने ताठ बसून म्हणून दाखवलं:

“पोळी भाजी, भाजी पोळी, पोळी भाजी लोणचं, लोणचं भाजी पोळी, पोळी भाजी लोणचं.”

एक चूक नाही! माझा ऊर भरून आला. आमच्या घरी ज्या गोष्टीला शाल आणि श्रीफळ मिळतं, तिला शाळेत चिठ्ठी मिळाली होती.

डॉक्टरीणबाई सिगऱ्याला दुसऱ्या मजल्यावर बसतात. माझ्याहून लहान, हसऱ्या, हिंदी बोलणाऱ्या. टेबलावरच्या त्यांच्या पेन्सिली वेगवेगळ्या लांबीच्या होत्या. ते सहन करत मी आणि लेक दोघी समोर बसलो.

“बिटिया बातों को शब्दशः पकड़ लेती है?”

“जी, वो तो सभी पकड़ते हैं,” मी म्हटलं.

“कुकर की सीटी से परेशान होती है?”

“कौन नहीं होता!”

“एक ही तरह के कपड़े पहनने की ज़िद?”

मी माझ्या निळ्या कुर्त्याकडे पाहिलं. घरी असे सहा होते, एकाच ताग्यातले. “जी, इसमें ज़िद क्या है,” मी म्हटलं, “मिल जाएँ तो ले लेने चाहिए।”

बाईंनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुढचा कागद काढला. मला वाटलं, लेकीचा दुसरा पेपर. तो माझा होता, हे मला आठ महिन्यांनी कळलं.

लेकीचा अहवाल दोन पानी होता. तिने तो पूर्ण वाचला, स्पेलिंगच्या दोन चुका काढल्या आणि दुरुस्त प्रत मागितली. मी तिसरी चूक काढली. बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. अहवाल घेऊन मी शाळेत गेले. वर्गशिक्षिका समजूतदार निघाल्या. हलक्या आवाजात म्हण, म्हणाल्या. आता तिच्या बाकावरच्या दोन मुलीही डब्याचा घन करतात. एकीची सारखी पुरी चुकते.

मग माझी पाळी. मोठ्या माणसाची तपासणी करायची तर लहानपण सांगणारं कोणीतरी लागतं, म्हणून मी आईला नेलं. आईने उंबऱ्याची, मावशींची गोष्ट सांगितली, मी सातव्या वर्षी पुरणपोळीतून पुरण वेगळं काढून दाखवा म्हणाले होते ते सांगितलं, आणि एका लग्नात नवरीला “तुमचा नवरा बुटका आहे” असं सांगून आल्याचंही सांगितलं.

“पण होताच तो बुटका,” मी म्हटलं.

“बघा,” आई बाईंना म्हणाली.

बाईंनी मला सांगितलं तेव्हा मी रडेन असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला होता. मला हसू फुटलं. जिन्यावरून उतरताना हसले, रस्त्यावर हसले, पावशेर जिलबी घेऊन टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षेत, बसले आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून हसतच खाल्ली. मी आखडू नव्हते! मी बिनडोक नव्हते, मी मुद्दाम करत नव्हते! पंचेचाळीस वर्षांची प्रुफं कोणीतरी एका बैठकीत तपासून दिली होती आणि समासातल्या सगळ्या लाल खुणांचं कारण एकच निघालं होतं. आईने माझ्या हनुवटीवरचा पाक पुसला आणि म्हणाली, “चला, म्हणजे घरात मी एकटीच शहाणी.”

पुढच्या गुरुवारी तिने मला अहवालासकट बोलावलं, दुपारी बाराला. मी तो वाचून दाखवायला लागले. बाबा खिडकीशी डोळे मिटून बसले होते. “ठरलेल्या क्रमात बदल झाल्यास अस्वस्थता,” मी वाचलं.

“हे माझं आहे,” बाबा म्हणाले.

“बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहणे.”

“हेही माझं. तुझ्या कागदावर कसं आलं?”

शेवटी ते उठून उभेच राहिले. म्हणाले, मला त्या बाईंकडे ने. आई म्हणाली, आता या वयात कशाला, एकोणऐंशी झाली, आता काय फरक पडतो. बाबा म्हणाले, “परीक्षा न देता पदवी लावून घेऊ?”

खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं आणि नकोही होतं. माझ्या अहवालानंतर मला एवढं उमगलं होतं की बाबांचा ‘जा’ म्हणजे नुसताच ‘जा’, त्यात राग नाही, टोमणा नाही. पण मग ‘ये’ त्यांच्या मनात होतं की नव्हतं? मनात असेल तर म्हणाले का नाहीत? सरळ विचारता आलं असतं, बाबा, मी तुम्हाला नको होते का? पण बाबा खोटं बोलत नाहीत. एरवी असा प्रश्न विचारला की बाप मन राखायला ‘छे छे’ म्हणतो. माझे बाबा खरं उत्तर देणार होते. म्हणून वीस वर्षं विचारलं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं निघालो, बाबा, मी आणि लेक. बाबांनी धुतलेलं धोतर, ठेवणीतलं उपरणं, कपाळी गंध. मैदागिनपर्यंत चालत, तिथून टोटो. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, “परीक्षा देने जा रहे हैं।” दोघांनी पायाला हात लावून आशीर्वाद दिले, म्हणजे मागितले. बाबांनी त्यांनाही “जा” म्हटलं.

“प्रश्न क्रम से पूछिए,” बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या बाईंना सांगितलं. “बीच में हँसिए मत।”

बाईंनी क्रमाने विचारलं. लहानपणी मित्र होते का? होता, एक, आम्ही बोलत नसू. गर्दी सोसते का? नाही, म्हणून काशीत राहतो, गल्लीत एका वेळी एकच माणूस मावतो. मी आणि लेक ओठ दाबून बसलो होतो. मग बाईंनी विचारलं, “रोज़ का कोई काम, जो बिना नागा करते हों?”

“पान लगाते हैं,” बाबा म्हणाले.

“अच्छा। कितने?”

“तीन सबेरे, तीन शाम को।”

बाईंनी लिहून घेतलं. बनारसमध्ये दिवसाला सहा पानं म्हणजे उपासच, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. “तंबाकू वाला?”

बाबांनी कानांवर हात ठेवले. “तंबाकू? हमारे यहाँ? पान में हम नमक रखते हैं!”

“पान में नमक?” आता बाईंचं पेन थांबलं. “खाते कैसे हैं?”

“पान नहीं खाते, पान पर खाते हैं!”

लेकीने टेबलावर डोकं टेकलं. हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, बोलताच येईना. शेवटी कसंबसं मी बाईंना सांगितलं की मराठीत जेवायला ताट मांडण्याला पान मांडणं म्हणतात. बाबांच्या घरी हे काम बाबांचं. पाट ठेवायचे, ताटं ठेवायची, डावीकडे मीठ, उजवीकडे पाण्याचं भांडं. लहानपणी त्यांच्याकडे ते आलं आणि त्यांनी ते कधी सोडलं नाही. बाईंनी लिहिलेलं खोडलं, डोळे पुसले, आणि मला, प्रुफं तपासणाऱ्या बाईला, जे दिसायला हवं होतं ते त्यांना दिसलं.

“घर में तो दो ही लोग हैं न? आप और माताजी?”

“जी।”

“फिर पान तीन क्यों?”

“नैवेद्य होगा,” मी म्हटलं.

“नैवेद्य अलग,” बाबा म्हणाले. “तीसरा इसका है।” आणि माझ्याकडे बोट केलं.

बाई हळूच म्हणाल्या, “लेकिन ये तो रामनगर में रहती हैं। कितने साल हो गए?”

“बीस।”

“तब भी रोज़ लगाते हैं?”

बाबा खरोखर गोंधळले. प्रश्नात काय अवघड आहे तेच त्यांना कळेना. मग एखाद्या मंद विद्यार्थ्याला सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं, “जाते बखत इसने कहा था, ‘येते’। माने, आती हूँ। कब आएगी, ये नहीं बताया। इसलिए दोनों टाइम लगाते हैं।”

मी पाच वर्षांची असताना उंबऱ्यावर एक दुपार काढली होती. बाबा वीस वर्षं काढत होते. आणि मी बोलावल्या वेळेला यायचे तेव्हा माझं पान मांडलेलं असायचंच, असणारच, बोलावलं होतं ना! न बोलावता गेले असते तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकाच घशातून यायला बघत होतं. लेकीने कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे ढकलला. मी बाबांना मराठीत विचारलं, वीस वर्षांनी, “मग तुम्ही ‘ये’ का नाही म्हणालात?”

“तू जात होतीस,” बाबा म्हणाले.

“आजोबांचं बरोबर आहे,” लेक म्हणाली.

मग बाबा बाईंकडे वळले. “उत्तीर्ण?”

“जी गुरुजी,” बाईंचा आवाज जरा ओला झाला होता, “पहले नंबर से।”

परतताना टोटोत बाबा खूश होते. मी त्यांचा हात धरला होता. त्यांना ते आवडत नाही, पण त्यांनी मैदागिनपर्यंत धरू दिला. घरी पोचले ती मी थेट स्वयंपाकघरात गेले. “आई, तू मला सांगितलं का नाहीस?”

“काय?”

“तिसरं पान!”

“अगं, मला काय मालूम तुला मालूम नाही!” आई हातातला झारा तसाच धरून म्हणाली. “आणि सांगू तरी काय? बाप रिकामं ताट मांडतो म्हणून? रोज दोन्ही टाइम मीच उचलून ठेवते की. पहिलं वर्षभर म्हणाले यांना, की उठवा ते पान. तर म्हणतात, ती आली म्हणजे? मग सोडलं म्हणणं. तुला फोन करून बोलावते ते कशाला वाटलं तुला? म्हटलं, पान मांडलेलं आहेच, एखादा तरी दिवस फालतू जायला नको.”

“मला वाटलं, बाबांना मी नको.”

आईने झारा खाली ठेवला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पंचांगात चतुर्थीनंतर एकदम अष्टमी छापली होती. “तीन-तीन जणं,” ती शेवटी म्हणाली, “आणि मी एकटी तुम्हाला पुरणार कशी गं?”

साडेअकरा वाजले होते. आईने त्या दिवशी जेवायला बोलावलं नव्हतं, फक्त बाबांना घेऊन जायचं ठरलं होतं, आणि रामनगरला घरी आमटीभात करून ठेवलेला होता. वीस वर्षांची सवय एका सकाळीत कुठे जाते! मी लेकीला चपला घालायला लावल्या, बाबांच्या पाया पडले आणि या खेपेला नीट, पूर्ण म्हटलं, “येते. शनिवारी सकाळी अकराला.”

बाबांनी डोक्यावर हात ठेवला. “जा.”

आता त्या शब्दाचं मला काहीच वाटलं नाही. उलट मजा वाटली. आम्ही दोघी गल्लीतून निघालो. दुधाच्या दुकानाशी गल्ली वळते, तिथून पुढे आमचं दार दिसत नाही. आम्ही वळलो, चार पावलं टाकली असतील नसतील, आणि साठ वर्षं वेद म्हणून कमावलेला आवाज त्या गल्लीतून असा काही आला की दुकानावरचं मांजर खाली उतरलं.

“ये!”

मी जागच्या जागी थांबले. लेकीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. “आई, आजोबा ‘ये’ म्हणाले,” ती म्हणाली.

“हो.”

“मग?”

मग काय! आम्ही वळलो आणि धावतच सुटलो, पंचेचाळीस वर्षांची मी, ओढणी एका हातात गोळा करून. समोरच्या चाची खिडकीत आल्या, “का भयल गुरुजी?” बाबा दारातच उभे होते. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“काय राहिलं?”

“तुम्ही ये म्हणालात.”

“हो. तू गेलीस, म्हणून म्हटलं. जात असताना कसं म्हणणार? गेल्यावर म्हणायचं.” म्हणजे गेली वीस वर्षं, दर वेळी, मी वळणाआड गेल्यावर… मी विचारलं, तर म्हणाले, हळू म्हणत होतो, आज मोठ्याने म्हटलं. “पण आत्ता ये, असं नव्हतं म्हटलं.”

“केव्हा ते तुम्ही सांगितलं नाहीत,” मी म्हटलं.

बाबांनी विचार केला. बराच वेळ केला. “बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.

लेक मात्र त्यांच्या बगलेतून केव्हाच आत शिरली होती, आणि उड्या मारत नवा घन म्हणत होती, “जा ये, ये जा, जा ये जेव, जेव ये जा, जा ये जेव!” बाबांनी तिला थांबवून एक स्वर दुरुस्त केला. मग चौथा पाट आणला, चौथं ताट ठेवलं, डावीकडे मीठ, उजवीकडे पाणी. बाकीची तीन मांडलेलीच होती. मी माझ्या जागेवर बसले. आईने आमटीत पाणी घालून ती वाढवली आणि सगळ्यांना पुरवली, आणि जेवणं झाल्यावर तिला कुठलंच पान रिकामं उचलावं लागलं नाही.